आरशात नसलेला कॅमेरा

मुंबईच्या एका उपनगरातील चित्रीकरणगृहात काही वर्षांपूर्वी एक सबंध सकाळ मी एका शृंगारमेजासमोर चाललेली खटपट पाहत बसलो होतो. संहितेत ते दृश्य अवघ्या दोन ओळींचे होते : नवी सून आरशासमोर बसून वेणी घालते आहे, मागच्या दाराशी सासू येऊन उभी राहते, आणि दोघींची दृष्टादृष्ट होते ती आरशातच. लिहिणाराने दोन ओळींत उरकलेल्या या प्रसंगाला अडीच तास लागले. त्यांतला अभिनयाचा भाग जेमतेम दहा मिनिटांचा. बाकीचा सगळा वेळ, दिवे, कॅमेरा आणि तो चालवणारी माणसे यांपैकी कोणीही त्या काचेत सापडू नये, या एकाच बंदोबस्तात गेला. छायालेखक साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांनी प्रारंभी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. जिथे लेन्स येणार त्या जागी ते स्वतः गुडघे वाकवून उभे राहिले, एक डोळा मिटला, आरशात आपला कान दिसतो आहे असे पाहून वीतभर उजवीकडे सरकले, पुन्हा पाहिले, आणि मग सहायकाला म्हणाले, "वरच्या बाजूला पाचर दे." सुताराने तासून ठेवलेली बोटभर लाकडी पाचर आरशाच्या वरच्या कडेमागे सरकली, आरसा केसभर पुढे झुकला, आणि छताजवळच्या दिव्याचे जे टोक इतका वेळ काचेत चमकत होते ते नाहीसे झाले. मग त्यांनी वेणी घालायला बसलेल्या नटीला विचारले :

"ताई, आरशात तुम्हाला काय दिसतंय?"

"माझा चेहरा नाही दिसत, दादा. तुमची लेन्स दिसतेय."

"मग बरोबर आहे. लेन्सला भिडू नका, तिच्या जरा डावीकडे बघा आणि वेणी घाला."

स्वतःच्या रूपाकडे टक लावून पाहणारी जी नववधू पुढे घरोघरी दिसली, ती त्या क्षणी स्वतःला पाहतच नव्हती. सासूकडे पाहण्याच्या वेळी तिने जिथे पाहायचे, तिथे आरशाच्या कडेला, चौकटीबाहेर, पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला होता. त्या तुकड्याकडे पाहताना तिच्या डोळ्यांत जी धास्ती उतरली ती मी स्वतः पाहिली आहे, आणि नटाच्या कलेविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्यात त्या सकाळचा वाटा मोठा आहे.

शाळेच्या पुस्तकात आपण पाठ केलेला नियम एवढाच की, किरण ज्या कोनाने आरशावर येतो त्याच कोनाने परत फिरतो, आणि वस्तू आरशासमोर जितकी दूर असते तितकीच दूर तिची प्रतिमा आरशामागे असल्याचा भास होतो. या नियमातून छायालेखकाच्या कामाचे जे सूत्र निघते ते मात्र पुस्तकात सहसा नसते. लेन्सपासून आरशाच्या पातळीवर मनाने एक लंब टाकावा. त्याचे टोक आरशाच्या चौकटीच्या आत पडले तर कॅमेरा स्वतःला पाहील, बाहेर पडले तर पाहणार नाही. पाचर घालणे म्हणजे ती पातळी किंचित फिरवून लंबाचे टोक चौकटीबाहेर ढकलणे, एवढेच. अर्थात कॅमेरा म्हणजे नुसता बिंदू नव्हे; त्याला तिकाटणे असते, चालवणारा असतो, बाजूला फोकस सांभाळणारा असतो, डोक्यावर ध्वनिग्राहकाची काठी धरून उभा असलेला एक इसम असतो, आणि या सर्वांची रुजुवात एकेकट्याने करावी लागते. तिला साधन मात्र फार सोपे आहे. प्रकाशाचा मार्ग जाता-येता एकच असल्यामुळे, ज्याला आरशात लेन्स दिसते त्यालाच लेन्स पाहत असते. म्हणून संचावरच्या प्रत्येकाने आपल्या जागी उभे राहून आरशात लेन्स दिसते का एवढे पाहावे, आणि दिसली तर निमूट बाजूला व्हावे. पाहणे आणि पाहिले जाणे यांची इतकी सरळ फिटंफाट अन्यत्र क्वचितच आढळते.

आरसा आला की दृश्याला आणखी एक खोली येते, आणि तिचा खर्च निर्मात्याला अनेकदा ऐन वेळी उमगतो. एरवी कॅमेऱ्याच्या पाठीमागे उघडी फळकुटे, वायरींचे भेंडोळे आणि चहाचे पेले पडलेले असतात. आरशाच्या दृश्यात नेमकी तीच बाजू उलटून समोर येते, म्हणून तिथेही भिंत उभारावी लागते, रंगवावी लागते, तिच्यावर तसबीर टांगावी लागते. फोकसचा हिशेबही बदलतो. कॅमेऱ्यापासून आरसा ५ फूट आणि आरशापासून चेहरा ३ फूट असेल, तर त्या चेहऱ्यासाठी लेन्स ८ फुटांवर लावावी लागते. आरशाची नक्षीदार चौकट ५ फुटांवरच राहते आणि चेहरा स्पष्ट झाला की ती धूसर होते. काचेच्या आत डोळ्यांना दिसणारी खोली भिंगाच्या लेखी खरोखरच तितकी खोल असते. घरगुती आरशाचा आणखी एक दोष असा की, त्याचा मुलामा काचेच्या पाठीला असल्यामुळे तिरक्या कोनातून पाहताना काचेच्या पुढच्या पृष्ठभागाची एक फिकट दुसरी प्रतिमाही उमटते. ती नको असेल तर पुढच्या बाजूस मुलामा दिलेला आरसा आणावा लागतो, आणि त्याला बोट लागले तरी डाग पडतो.

नटी स्वतःला पाहत नसून लेन्सकडे पाहते, आणि तरीही प्रेक्षकाला ती स्वतःलाच पाहते असे निःशंक वाटते, ही आपल्या दृष्टीची भूल चित्रपटाहून फार जुनी आहे. स्पेनचा चित्रकार व्हेलास्केथ याने सतराव्या शतकात रंगवलेली, आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेली व्हीनस पाठमोरी पहुडली आहे. मदनाने धरलेल्या आरशात तिचा चेहरा आपल्याला दिसतो, आणि ती आपलेच लावण्य न्याहाळते आहे असे पाहणारा सांगतो. पण तिचा चेहरा आपल्याला दिसत असेल, तर तिला त्या आरशात आपण दिसत असणार, ती स्वतः नव्हे. २००३ साली मार्को बेर्तामिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भुलीचा मानसशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिला या चित्रावरूनच 'व्हीनस परिणाम' असे नाव दिले. चित्रपटातली आरशासमोरची अगणित दृश्ये या भुलीच्याच भांडवलावर उभी आहेत. उलट, स्वतःला लपवायचे नाही असे ठरवून बसलेले कलावंतही झाले. यान व्हान आयिकने १४३४ साली एका व्यापारी दांपत्याच्या चित्रात, मागच्या भिंतीवरचा फुगीर आरसा असा रंगवला की त्यात दाराशी उभ्या असलेल्या दोन व्यक्ती दिसतात, आणि त्या आरशाच्या वर आपली सही केली. फुगीर आरसा त्याने निवडला हे मला अर्थपूर्ण वाटते, कारण तशा आरशापुढे लपणे फार अवघड. आणि त्याचा पुरा गोल झाला तर त्याच्या मध्यभागी पाहणारा हटकून सापडतोच, तिथे पाचरीचा इलाज चालत नाही.

सपाट आरशापुढे मात्र इलाज पुष्कळ आहेत. इमारतींची छायाचित्रे घेणारे जी सरकती लेन्स वापरतात ती इथेही कामी येते : कॅमेरा आरशाच्या एका बाजूला, चौकटीबाहेर, पण आरशाशी समांतर ठेवायचा आणि फक्त लेन्स बाजूला सरकवायची, म्हणजे आरसा अगदी समोरून पाहिल्यासारखा चौकोनी दिसतो आणि कॅमेरा त्यात नसतो. अंधाऱ्या दृश्यात काळ्या मखमलीचा पडदा लावून त्याच्या भोकातून फक्त लेन्स बाहेर काढली तरी भागते; काळ्यात काळे मिसळून जाते. अर्धवट मुलाम्याच्या काचेमागे, पूर्ण काळोखात कॅमेरा दडवता येतो. पण अशी काच निम्म्याच्या आसपास प्रकाश वाटेतच अडवते, आणि मागे एखादी फट उजेड देऊ लागली की सगळे बिंग फुटते. ऑर्सन वेल्स यांच्या १९४७ च्या 'द लेडी फ्रॉम शांघाय'च्या शेवटच्या आरसेमहालात, जिथे गोळीसरशी एकेक प्रतिमा फुटत जाते, तिथे अशाच आरपार काचांचा आधार घेतलेला होता. नवशिके पुष्कळदा लेन्सवर पोलरायझर चढवून आरसा गप्प करायला जातात, आणि तो प्रयत्न वाया जातो. पाण्यावरची किंवा दुकानाच्या काचेवरची चमक त्या गाळणीने विशिष्ट तिरक्या कोनात मारता येते, साध्या काचेच्या बाबतीत तो कोन ५६ अंशांच्या आसपास असतो. आरशातले परावर्तन मात्र धातूच्या मुलाम्यावरून होते, आणि धातू त्या गाळणीला दाद देत नाही.

याहून धाडसाची तजवीज म्हणजे आरसाच काढून टाकणे. १९३३ च्या 'डक सूप'मध्ये ग्राउचो आणि हार्पो हे मार्क्स बंधू फुटलेल्या आरशाच्या रिकाम्या जागेत एकमेकांचे प्रतिबिंब होऊन नाचतात; तिथे काच नाही हे प्रेक्षकाला ठाऊकच असते आणि मौज त्यातच आहे. १९९५ च्या 'ला हेन' या फ्रेंच चित्रपटात न्हाणीघराच्या आरशापुढे व्हँसाँ कासेल बोलत राहतो आणि कॅमेरा थेट त्याच्या पाठीमागून पुढे सरकतो, तरी तो कुठे दिसत नाही, कारण भिंतीला आरशाऐवजी भोक आहे, पाठमोरा माणूस दुसराच आहे, आणि खरा नट पलीकडच्या खोलीत उभा आहे. जेम्स कॅमेरॉन यांनी 'टर्मिनेटर २' या १९९१ च्या चित्रपटासाठी अशीच रचना केली : यंत्रमानवाच्या डोक्यातली चकती काढण्याच्या प्रसंगात अलीकडे श्वार्झेनेगर यांचा पुतळा आणि नायिका लिंडा हॅमिल्टन यांची जुळी बहीण, पलीकडे खुद्द लिंडा आणि श्वार्झेनेगर, आणि दोघी बहिणींच्या हालचाली एका तालात. इतके करून तो प्रसंग मूळ प्रदर्शनातून वगळला गेला आणि पुढे विस्तारित आवृत्तीत लोकांसमोर आला. या पद्धतीत पलीकडची खोली उलटी बांधावी लागते. घड्याळाचे आकडे उलटे, भांग दुसऱ्या बाजूला, मनगटावरचे घड्याळ दुसऱ्या हातात. एका वस्तूचा विसर पडला तरी काच नसल्याचे उघड होते.

मराठी प्रेक्षकाला आरशाच्या दृश्याची ओळख १९३७ सालीच झालेली आहे. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त, नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतून आलेले, तरुण नीरेशी लग्न करून बसलेले वृद्ध काकासाहेब केशवराव दाते यांनी उभे केले, आणि छायालेखन व्ही. अवधूत यांचे होते. आपल्या वयाशी झगडणाऱ्या त्या माणसाला फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांतून स्वतःचाच चेहरा भेटतो, ते दृश्य पाहताना मला नेहमी त्यामागच्या मेहनतीचे स्मरण होते : आरसा अखंड असतो तेव्हा लंब एकच असतो, तो फुटला की प्रत्येक तुकड्याचा कोन वेगळा, प्रत्येकाचा लंब वेगळा, आणि कुठला तुकडा कोणाला पकडेल याचा नेम राहत नाही. ज्या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळीच नाही, त्यात हे काम एकट्या दृश्याला करावे लागले आहे.

एका आरशाचे तुकडे झाल्यावर जर ही गत, तर सबंध महालच आरशाच्या तुकड्यांचा असेल तेव्हा काय व्हावे? के. आसिफ यांच्या १९६० च्या 'मुघल-ए-आझम'साठी अंधेरीच्या मोहन स्टुडिओत लाहोरच्या किल्ल्यातील शीशमहालाच्या धर्तीवर जो शीशमहाल उभा राहिला, तो या विषयातला आपल्या देशाचा सर्वांत मोठा प्रसंग आहे, आणि त्यावर थोडे रेंगाळल्यावाचून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. १५० फूट लांब, ८० फूट रुंद, ३५ फूट उंच असा तो देखावा. बेल्जियन काचेचे असंख्य लहान आरसे, आणि ते घडवून बसवणारे फिरोझाबादचे कारागीर. उभारणीला २ वर्षे आणि खर्च १५ लाखांच्या वर, म्हणजे त्या काळच्या एका संपूर्ण हिंदी चित्रपटाहून अधिक. चित्रपट बहुतांश कृष्णधवल, पण अनारकलीचे भर दरबारातले नृत्यगीत रंगात घ्यायचे ठरलेले. आणि त्या काळच्या रंगीत फिल्मला प्रकाश फार लागे. दिवे लावावेत तर हजार तुकड्यांत हजार सूर्य पेटत; न लावावेत तर फिल्मवर काही उमटत नसे. येथे कॅमेरा बाजूला सरकवून उपयोग नव्हता, पाचर ठोकून उपयोग नव्हता, कारण तुकड्यांची तोंडे सर्व दिशांना असल्यामुळे कुठेही उभे राहिले तरी कोणता ना कोणता तुकडा एखाद्या दिव्याकडे बोट दाखवणारच. डेव्हिड लीन यांच्यासह परदेशी जाणकारांनी, हे चित्रीकरण अशक्य आहे, तो नाद सोडा, असाच सल्ला दिला होता.

आसिफ आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी प्रकाशयोजनेच्या माणसांसह त्या देखाव्यात तळ ठोकला आणि उपाय काढला तो मेणाचा. आरशांवर मेणाचा पातळ लेप दिला गेला. उघड्या काचेवरून किरण शिस्तीने एकाच दिशेला परततो, मेणावर तो थोडा विखुरतो. म्हणजे दिव्याचा टोचणारा ठिपका मवाळ होतो, पण लेप पातळ असेल तर आकृती पुसली जात नाही. दुसरा उपाय प्रकाशाच्या बाजूने केला : कापडाच्या पट्ट्या योजून ठेवल्या, दिवे थेट न सोडता त्या कापडावर सोडले, आणि महाल उजळला तो कापडावरून परतलेल्या उजेडाने. तुकड्यांना मग दिवा दिसेना, पांढरे कापड दिसू लागले, आणि कापडाची फिकट आभा प्रेक्षकाला महालाचीच झळाळी वाटली. कापडावरून उजेड परतवण्याची ही हिकमत सुब्रत मित्र यांनी सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो'त काशीच्या घराच्या अंगणातला उजेड साकारण्यासाठी वापरली होती. दोन्ही ठिकाणी दिवा लपवणे हेच मर्म. अनारकली गात असताना छताच्या आरशांत तिच्या अनेक आकृती एकदम फिरू लागतात आणि बादशहाला जिकडे पाहावे तिकडे तीच दिसते, तो क्षण या मेणाच्या आणि कापडाच्या जोरावर उभा आहे. त्या आकृत्यांत दिवा नाही, तिकाटणे नाही, माणूस नाही. मला हा भारतीय छायालेखनाच्या सर्वोच्च क्षणांपैकी एक वाटतो, आणि तो कोणा विलायती यंत्राच्या बळावर आलेला नाही, याचा अभिमानही वाटतो.

आणि याच सुमारास, याच मुंबईत, दुसरा एक छायालेखक आरशालाच चाकरीला लावत होता. गुरुदत्त यांच्या १९५९ च्या 'कागज़ के फूल'मध्ये रिकाम्या स्टुडिओच्या काळोखात वरून उतरणारा तो प्रसिद्ध प्रकाशस्तंभ व्ही. के. मूर्ती यांनी कोणत्याही दिव्याने नव्हे, तर दोन मोठ्या आरशांनी आणला : एक बाहेर उन्हात, दुसरा आत उंचावर, आणि सूर्यकिरण एकाकडून दुसऱ्याकडे. एका संचावर आरसा शत्रू, दुसऱ्यावर आरसा दिवा. नियम मात्र तोच.

आता संगणकाचे दिवस आहेत, आणि आरशात सापडलेला कॅमेरा मागाहून पुसून टाकता येतो. मी या सोयीचा द्वेष करीत नाही. रॉबर्ट झेमेकिस यांच्या १९९७ च्या 'कॉन्टॅक्ट'मध्ये लहानगी एली वडिलांसाठी औषध आणायला जिन्यावरून धावत येते, कॅमेरा तिच्यापुढे मागे मागे जातो, आणि ती हात पुढे करते तेव्हा कळते की आपण इतका वेळ औषधाच्या कपाटाच्या आरशात पाहत होतो. वेगवेगळे चित्रीकरण एकत्र जुळवल्यावाचून हे घडणे शक्य नव्हते, आणि मुलीची घाई व असहायता त्या जोडणीनेच आपल्या अंगावर येते. २०१० च्या 'ब्लॅक स्वान'मध्ये मॅथ्यू लिबातीक हातात कॅमेरा घेऊन नर्तकीभोवती फिरले, भोवती नृत्यशाळेच्या आरशांच्या भिंती, आणि त्यांत उमटलेला कॅमेरा मागाहून संगणकावर पुसला गेला. जिथे कॅमेऱ्यालाच नाचायचे आहे तिथे पुसणे रास्त आहे. पण आरसा स्थिर, नटी स्थिर, कॅमेरा स्थिर, आणि तरी पाचर न शोधता "नंतर पुसू" म्हणून पुढे जाणे मला मान्य होत नाही. कारण पुसणारा कारागीर दूरच्या कचेरीत बसलेला असतो, त्याला त्या खोलीतला उजेड ठाऊक नसतो, आणि त्याने भरलेली भिंत पुष्कळदा मेलेली दिसते. मी स्वतः असे एक दृश्य प्रथम संचावर आणि मागाहून पडद्यावर पाहिले. कॅमेरा गेला होता. पण ज्या खिडकीचा उजेड नायिकेच्या गालावर पडत होता ती खिडकीही त्याच्याबरोबर गेली होती, आणि तो गाल कशाने उजळला याचे उत्तर त्या खोलीत राहिले नव्हते.

या कलेची जागा आरशासमोर आहे, आणि ती तिथेच शिकता येते. ज्यांच्या घरी मुले मोबाइलवर चित्रीकरण करतात, त्यांनी या दिवाळीत त्यांना एक काम अवश्य सांगावे : घरच्या आरशात आजीचा चेहरा घ्या, आणि त्यात मोबाइल, हात, कोपर काहीही येऊ देऊ नका, पुसायचे नाही, सरकायचे. आणि फराळ उरकल्यावर सर्वांनी मिळून 'मुघल-ए-आझम' पाहावा. तो ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात प्रथम लागला, आणि २००४ च्या दिवाळीत संपूर्ण रंगीत होऊन पुन्हा आला. शीशमहालाचे दृश्य आले की एकदा अनारकली झालेल्या मधुबालेवरची नजर काढून छताकडे न्यावी आणि तिथे एखादा दिवा सापडतो का ते पाहावे. १९६० सालच्या उत्कृष्ट छायालेखनाचे फिल्मफेअर पारितोषिक आर. डी. माथुर यांना मिळाले.